काळ्या पडद्यापुढचे देव

चित्रपटांतील चमत्कारदृश्यांविषयी मराठीत जे काही लिहिले गेले आहे, त्यात एक प्रकारचा संकोच नेहमी जाणवतो. 'संत तुकाराम'वर लिहिणारा समीक्षक गौरीने उभ्या केलेल्या जिजाईविषयी भरभरून लिहितो, विष्णुपंत पागनिसांच्या चेहऱ्यावरील निरागसतेविषयी लिहितो, देहूच्या वातावरणातील अस्सलपणा वाखाणतो. मात्र शेवटी आकाशातून वाहन उतरते तेथे त्याची लेखणी अडखळते. तो काळच तसा होता, प्रेक्षक भाबडा होता, असे काहीतरी पुटपुटून तो पुढे सरकतो. जणू चित्रपट हा मूळचा गंभीर पुरुष, आणि ट्रिकसीन ही त्याची तरुणपणीची एखादी वाईट खोड!

वस्तुस्थिती अशी आहे की आपल्याकडचा कथाचित्रपट जन्मला तोच जादूगाराच्या हातून. ही अलंकारिक भाषा नव्हे. धुंडिराज गोविंद फाळके चित्रपटाकडे वळले ते चित्रकला, छायाचित्रण आणि छपाई हे तीन व्यवसाय करून. पण या तिहींच्या जोडीला चौथी विद्याही त्यांना अवगत होती. कार्ल हर्ट्झ या जादूगाराशी त्यांचा परिचय झाला होता, आणि पुढे ते स्वतःच 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोग करीत असत. 'फाळके' उलटे वाचले की 'केळफा' होते. नावाची अक्षरे उलटी फिरवून नवा माणूस उभा करणे, ही कल्पनाच मुळी कॅमेऱ्याची चावी उलटी फिरवणाऱ्या माणसाला शोभणारी आहे.

फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएसचे असेच झाले होते. तोही पॅरिसमधल्या रोबेर-उदँ या नाट्यगृहात जादूचे प्रयोग करीत असे. १८९६च्या सुमारास रस्त्यावरील रहदारीचे चित्रण करताना कॅमेरा क्षणभर अडकला, पुन्हा सुरू झाला, आणि पडद्यावर पाहतो तो बसगाडीची शववाहिका झालेली, अशी कथा त्याने स्वतःच सांगितली आहे. कथा थोडी रंगवलेली असेलही. जादूगाराने सांगितलेली आहे, तेव्हा तेवढी सवलत द्यावी लागते. परंतु तिच्यातले तत्त्व खरे आहे. कॅमेरा थांबवा, समोरची वस्तू बदला, कॅमेरा पुन्हा सुरू करा. मधला काळ फिल्मवर उमटतच नाही. रंगमंचावर जे करायला दुहेरी तळाची पेटी, चोरदार आणि हातचलाखी लागते, ते येथे केवळ थांबण्याने साधते.

मेलिएस आणि फाळके यांच्यातले साम्य मात्र येथेच संपते. मेलिएसला प्रेक्षकांना थक्क करायचे होते; माणसाचे मुंडके फुग्यासारखे फुगवून फोडण्यात त्याला गंमत वाटे. फाळक्यांना थक्क करायचे नव्हते असे नाही, पण त्यांचा हेतू निराळा होता. मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहताना आपल्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहू लागले, असे त्यांनी पुढे 'नवयुग' मासिकातील लेखांत लिहून ठेवले आहे. हे वाक्य देशाभिमानाच्या अंगाने पुष्कळदा वाचले गेले, आणि तसे ते आहेही. पण त्यात एक तांत्रिक अडचणही दडलेली आहे. राम आणि कृष्ण पडद्यावर आणायचे म्हणजे ते कसे दिसतात हे ठरवणे आले. आणि ते कसे दिसतात हे तोपर्यंत घराघरांत ठरून गेलेले होते. राजा रविवर्म्याच्या शिळाछापावरील चित्रांनी देवांना एक ठरीव चेहरा, ठरीव वस्त्रे, ठरीव उभे राहणे दिलेले होते, आणि त्या मुद्रणव्यवसायाशी फाळक्यांचा स्वतःचा संबंध आलेला होता. भिंतीवरच्या तसबिरीतला देव चार हातांनी उभा असतो, कमळातून प्रकटतो, नागाच्या फण्यावर नाचतो. त्याला हलता करायचे तर निव्वळ चित्रण पुरेसे नव्हते. म्हणजे ट्रिकसीन ही फाळक्यांना मागाहून सुचलेली शोभा नव्हती. त्यांनी निवडलेल्या विषयाचीच ती पहिली गरज होती.

त्यांचा पहिला प्रयोग मात्र देवाचा नव्हता, वाटाण्याचा होता. १९१२मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणि इतर साहित्य घेऊन ते परतले आणि भांडवल देऊ शकणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचा छोटा चित्रपट तयार केला. कॅमेरा एका जागी पक्का बसवायचा आणि ठराविक अंतराने एकेक चित्र घ्यायचे. मग ते सलग दाखवले की अंकुर डोळ्यांदेखत माती फोडून वर येतो. दररोज एक याप्रमाणे महिनाभर चित्रे घेतली असे याविषयी बरेचदा लिहिले जाते, पण ते संभवत नाही. सेकंदाला सोळा चित्रे हा त्या काळचा सर्वसाधारण वेग धरला, तर महिन्याची तीस चित्रे दोन सेकंदांत संपतील; आणि दोन सेकंद पाहून कोणी पैसे देत नाही. मिनिटभराच्या दृश्याला ९६० चित्रे लागतात, म्हणजे दिवसाला तीसएक. दिवसभर, रात्री दिव्याच्या उजेडात, पुनःपुन्हा कॅमेऱ्यापाशी जाऊन हाताने एकेक चित्र घेणारा माणूस डोळ्यांपुढे आणला, म्हणजे त्याच सुमारास त्यांच्या दृष्टीवर आलेल्या संकटाचेही फारसे नवल वाटत नाही.

मला स्वतःला हा वाटाणा फार महत्त्वाचा वाटतो. यात खोटे काहीच नाही. रोप खरे, वाढ खरी, प्रकाश खरा. बदलला आहे तो फक्त काळ. तरीही जे दिसते ते कोणाही माणसाने कधी पाहिलेले नाही. पुढच्या साऱ्या करामतींचा पाया हाच आहे: कॅमेऱ्यापुढे जे घडले ते आणि पडद्यावर जे दिसते ते यांच्यामध्ये एक फट असते, आणि त्या फटीत काम करता येते.

ही फट रुंदावण्याचे त्या काळातले मुख्य साधन म्हणजे काळे कापड. निगेटिव्हवर प्रकाश पडतो तेथे प्रतिमा उमटते. काळ्या रंगाकडून प्रकाश जवळजवळ परत येतच नाही, म्हणून तेवढा भाग कोराच राहतो. काळ्या पडद्यापुढे नटाचे चित्रण करायचे, अंधारात फिल्म मागे गुंडाळायची, आणि त्याच फिल्मवर दुसऱ्यांदा चित्रण करायचे: कोऱ्या राहिलेल्या जागेत आता महाल येईल, नदी येईल, दुसरा नट येईल. माणसाचे फक्त डोके हवे असेल तर बाकीचे शरीर काळ्या वस्त्राने झाकायचे. सांगायला सोपे आहे. पण त्या कॅमेऱ्याला मोटर नव्हती. हँडलच्या एका फेऱ्यात साधारणपणे आठ चित्रे जात, आणि सेकंदाला दोन फेरे हा वेग हाताने सांभाळावा लागे. दुसऱ्या चित्रणाच्या वेळी नेमक्या त्याच फेऱ्याला नटाने मान वळवायची, तर फेरे मोजावे लागणार. एक आकडा चुकला की दोन्ही चित्रणे वाया. कारण सारे काही त्या एकाच निगेटिव्हवर घडत होते आणि फिल्म धुवून पाहीपर्यंत काही कळत नव्हते.

'श्रीकृष्णजन्म' १९१८चा. त्यातील कंसाला भयाने पछाडले आहे. त्याला जिकडेतिकडे कृष्णच कृष्ण दिसू लागतात, आणि त्याचे स्वतःचे मस्तक धडावेगळे होऊन वर जाते व पुन्हा खाली येऊन धडाला चिकटते. हे दृश्य आजही पाहायला मिळते. त्यातले सांधे दिसतात, कडा थरथरतात. पण एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ही करामत देवाचे सामर्थ्य दाखवण्यासाठी योजलेली नसून एका माणसाच्या मनातली भीती दाखवण्यासाठी योजलेली आहे. कंसाला जे दिसते आहे ते आपल्याला दिसते. त्याच्या दरबाऱ्यांना नव्हे. मूकपटाला स्वगत म्हणता येत नव्हते. ते काम येथे दुहेरी चित्रणाने केले आहे. नाटकाच्या मंचावरून थेट आलेल्या, नटांना लांबून पूर्णाकृती दाखवणाऱ्या त्या चित्रपटांत मनाच्या आत शिरणारे दृश्य कोणते, असे विचारले तर उत्तर 'ट्रिकसीन' असे द्यावे लागते. समीक्षकांच्या संकोचाला याहून चांगले उत्तर मला सुचत नाही.

पुढच्याच वर्षीचा 'कालियामर्दन' तर या बाबतीत अधिक धीट आहे. त्याच्या प्रारंभीच फाळके आपल्या सात वर्षांच्या मुलीला, मंदाकिनीला, प्रेक्षकांपुढे आणतात. ती कॅमेऱ्याकडे पाहून चेहऱ्यावर एकेक भाव आणते, आणि मग तो चेहरा विरत विरत मुकुटधारी बालकृष्णाचा होतो. जादूगार आधी रिकामी टोपी दाखवतो, तसा हा प्रकार. ही माझी मुलगी, हा कृष्ण. दोन्ही एकच आहेत हे तुम्हांला ठाऊक आहे, आता पाहा. आणि प्रेक्षक पाहतो! फसवणुकीचा आरोप येथे टिकत नाही, कारण काहीही लपवलेले नाही. कीर्तनकार उपरणे डोक्याला गुंडाळून क्षणात यशोदा होतो तेव्हा श्रोत्यांना कोठे फसवले गेल्यासारखे वाटते? आपल्या प्रेक्षकाला ही सवय चित्रपटाच्या फार आधीपासूनची होती. भाबडा होता तो हा प्रेक्षक नव्हे. त्याला भाबडा समजणारे आपण.

याच चित्रपटातले पाण्याखालचे युद्ध पाहावे. कृष्ण डोहात उडी घेतो, आत कालियाशी झुंज चालते, आणि मध्येमध्ये काठावर जमलेले, आकांत करणारे गोकुळ दिसते. पुन्हा पाणी, पुन्हा काठ. केवळ झुंजीचा तुकडा वेगळा काढून पाहिला तर नाग कापडाचा आहे हे शेंबडे पोरही सांगेल. परंतु काठावरची माणसे खरी आहेत, त्यांची धावाधाव खरी आहे, आणि त्यांच्या चेहऱ्यांतून परत डोहात आले की नागही खरा वाटू लागतो. करामतीचे निम्मे काम करामतीबाहेर होते, हे फाळक्यांना १९१९मध्ये उमगले होते. आजच्या कित्येक खर्चिक चित्रपटांना ते उमगलेले दिसत नाही. असो.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी निराळी वाट धरली. ते मूळचे नाटकांचे पडदे रंगवणारे. आपल्या कारखान्यात त्यांनी स्वतःचा कॅमेराही घडवला. त्यांना देव प्रकट करण्यापेक्षा दृश्याला वजन देण्याची ओढ अधिक. १९२०च्या 'सैरंध्री'तील कीचकवधाचे दृश्य इतके अंगावर येणारे झाले की ते कापावे लागले. चमत्काराने भक्ती जागवता येते तशी किळस आणि भीतीही जागवता येते, हे सरकारला बहुधा समीक्षकांच्या आधी कळले. पेंटरांच्याच हाताखाली दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम तयार झाले, आणि १९२९मध्ये त्यांनी सीतारामपंत कुलकर्ण्यांसह 'प्रभात' काढली.

बोलपट आल्यावर या विद्येची घडी विस्कटली. कॅमेऱ्याला मोटर आली, वेग सेकंदाला चोवीस चित्रांवर स्थिरावला. फेरे मोजणारा हात निकामी झाला. शिवाय देव आता बोलू लागला, आणि बोलणाऱ्या देवाला नुसते प्रकटून चालत नाही, त्याच्या बोलण्यावरही विश्वास बसावा लागतो. फाळक्यांनी 'गंगावतरण' हा आपला अखेरचा चित्रपट १९३७मध्ये कोल्हापुरात केला. त्याच्या आदल्याच वर्षी पुण्यात दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' पूर्ण झाला होता, आणि १९३७मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याची निवड जगातील उत्तम चित्रपटांत झाली.

या चित्रपटात चमत्कार थोडेथोडके नाहीत. इंद्रायणीत बुडालेल्या वह्या परत येतात. कीर्तनात शत्रूचे सैनिक शिरतात तेव्हा त्यांना जागोजागी शिवाजीच दिसू लागतो. आणि शेवटी वैकुंठगमन. फत्तेलाल चित्रकार, दामले यंत्रांचे जाणकार. देखावा आणि यंत्र यांचा असा संसार फार थोड्या चित्रसंस्थांच्या वाट्याला आला असेल. तरीही हे चमत्कार टिकले ते त्यांच्या सफाईमुळे असे मला वाटत नाही. ते टिकले जिजाईमुळे. तुकाराम वैकुंठाला निघताना तिला बरोबर बोलावतो, आणि तिच्यापुढे मुले आहेत, घर आहे, दुभते जनावर आहे. ती जात नाही. मग आकाशातून वाहन उतरते. हे वाहन आज पाहिले तर पुठ्ठा आणि रंग यांचे आहे हे लपत नाही; परंतु ते वर जाऊ लागते तेव्हा आपले लक्ष वाहनाकडे राहतच नाही. ते जमिनीवर उभ्या असलेल्या बाईकडे जाते. वैकुंठ खरे वाटो न वाटो, नवरा गेला हे खरे वाटते. कालियाच्या डोहाकाठी गोकुळाने जे केले तेच येथे एकटी जिजाई करते, आणि कितीतरी अधिक करते. पुढे 'संत ज्ञानेश्वर'मध्ये भिंत चालली, रेड्याने वेद म्हटले, चांगदेव वाघावर बसून आला. तंत्र तेथे सरस आहे, पण पाहणारी जिजाई नाही, आणि माझ्या मते तो फरक जाणवतो.

प्रभातच्या भक्तिपटांत करामत सोवळ्यात राहिली. मुंबईच्या स्टुडिओंत ती बाजारात उतरली. प्रकाश पिक्चर्सच्या 'ख्वाब की दुनिया'मध्ये, १९३७ साली, अदृश्य माणसाच्या करामतींसाठी सुरतेहून आलेल्या बाबूभाई मिस्त्रींनी वस्तू हवेत हलवल्या त्या काळ्या दोऱ्याने. काळा पडदा, काळा दोरा, आणि प्रकाश असा की दोरा उजळू नये. तत्त्व फाळक्यांचेच. 'काला धागा' हे नावच त्यांना चिकटले, आणि पुढची कित्येक दशके हिंदी व गुजराती पौराणिक आणि कल्पनारम्य चित्रपट या माणसाच्या दोऱ्यांवर चालले. १९८७च्या 'मिस्टर इंडिया'तही अदृश्य नायकाचे खेळ पीटर परेरा यांनी कॅमेऱ्यातल्या युक्त्यांनीच उभे केले. संगणक अजून दारातही आला नव्हता.

आता तो घरात आला आहे. काळ्या पडद्याच्या जागी हिरवा आला, कारण हिरवा रंग माणसाच्या कातडीत सहसा नसतो आणि यंत्राला तो वेगळा काढणे सोपे जाते. कोरी जागा ठेवायची आणि मागाहून भरायची, हा व्यवहार मात्र तोच राहिला. दोऱ्याचे तर उलटेच झाले. बाबूभाईंना दोरा दिसू नये म्हणून जीव टाकावा लागे. आज नटाला जाड पोलादी तारेने खुशाल टांगतात आणि ती तार मागाहून एकेका चित्रातून पुसतात. साबणाच्या वीस सेकंदांच्या जाहिरातीत पाण्याचा थेंब हवेत थबकतो, दुधाचा मुकुट होतो, केस रेशमासारखे वळतात. त्यामागेही असेच पुसणे आणि भरणे असते. चमत्कार इतके स्वस्त झाले की त्यांना चमत्कार म्हणणेही आपण सोडून दिले.

हे पुसणारे हात कोणाचे? सेकंदाला चोवीस चित्रे, प्रत्येक चित्रात नटाच्या आकृतीभोवती काटेकोर रेघ ओढायची, म्हणजे मागचे काढून दुसरे बसवता येते. जगभरच्या चित्रपटांचे हे काम मुंबई, हैदराबाद, बंगळूर, चेन्नई येथे रात्रपाळ्या करणाऱ्या तरुण मुलामुलींनी केलेले असते. नामावलीत त्यांची नावे आलीच तर प्रेक्षागृहातले दिवे लागल्यानंतर, बारीक अक्षरांत येतात. २०२५च्या फेब्रुवारीत टेक्निकलर ही जुनी परदेशी संस्था कोसळली तेव्हा तिच्या भारतातील कार्यालयांतील हजारो माणसांची नोकरी एकाएकी गेली. त्यांच्या हातचे वाघ-सिंह पडद्यावर फिरतच राहिले.

फाळक्यांच्या दादरच्या घरी हेच काम सरस्वतीबाई करीत. कच्ची फिल्म छिद्रांवाचून येई. अंधाऱ्या खोलीत बसून तिच्या कडेला एकेक छिद्र पाडणे, रसायने तयार करणे, फिल्म धुणे, आणि या सगळ्याच्या जोडीला मंडळींचा स्वयंपाक. दागिने गहाण पडले ते वेगळेच. छिद्र जराही सरकले तर चित्र थरथरणार, आणि थरथरणाऱ्या चित्रावर दुसरे चित्र बेमालूम बसणार नाही. म्हणजे कंसाचे मस्तक धडावर परत बसले ते अंधारात काम करणाऱ्या अशा हातांच्या अचूकपणावर. त्या चित्रपटांच्या इतिहासात त्यांचे नाव 'पत्नीचे सहकार्य' या सदरात येते.

'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३,७०० फूट होती. आज पहिल्या आणि शेवटच्या रिळांतला १,४७५ फुटांचा भाग उपलब्ध आहे, आणि तोही १९१३चा की १९१७मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. 'लंकादहन'चे ३,००० फुटांतले ५०१ फूट उरले. 'कालियामर्दन' त्या मानाने नशीबवान. ६,०००पैकी ४,४४१ फूट हाती आहेत. 'श्रीकृष्णजन्म'चे ५,५००पैकी ५७६. फुटाला सोळा चित्रे आणि सेकंदाला सोळा चित्रे, तेव्हा एक फूट म्हणजे एक सेकंद, हा हिशेब सोपा आहे. दीड तासाच्या चित्रपटातून साडेनऊ मिनिटे राहिली. कंसाचे मस्तक त्या साडेनऊ मिनिटांत आहे.